एक कौल सोडून

मिरजेहून पूर्वेला, आरग मागं पडल्यावर
मागच्या चाकातली हवा गेली.
काटा बाभळीचा, चूक माझी :
डांबरी सोडून मी जुन्या छोट्या गाडीच्या भरावावरून येत होते,
ज्यावर आता रूळ नाहीत.
दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी,
नाकात गंधकाची धुरी,
आणि मग वळणावर, कुणी उतरून घ्यायला विसरल्यासारखं,
स्टेशन.

पाटीवरून गावाचं नाव उडून गेलं होतं.
‘रोड’ तेवढं उरलं होतं.
म्हटलं, आपल्याला पुरे.

काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौलं,
छपराच्या काठाला लाकडी झालर, निम्मे दात पडलेली.
तिकिटाच्या खिडकीत सायकलच्या ट्यूबा लोंबत होत्या
आणि खाली खडूनं लिहिलं होतं :
दस्तगीर मुलाणी. पंक्चर, ओव्हरऑयलिंग.

त्यानं चाक सोडवलं, ट्यूब फुगवली,
घमेल्यातल्या पाण्यात हात-हात फिरवत राहिला.
बुडबुड्यांची बारीक माळ वर आली तशी म्हणाला, ‘घावलं.’
मी भिंतीकडेला उतरवून ठेवलेली कौलं बघत बसले.
एकावर कुत्र्याचं पाऊल.
ओल्या मातीवरून कधीतरी, समुद्राकाठच्या कारखान्यात,
हाकलून लावलेलं एखादं कुत्रं धावलं असणार.
ते भाजलं गेलं, गलबतात चढलं, गाडीत चढलं,
या कोरड्या माळावर येऊन
शंभर वर्षं छपरावर एक पाय ठेवून उभं.
मी सकाळी सांगलीहून निघालेली, चाळीस किलोमीटरचा
अभिमान बाळगून असलेली बाई,
जरा गप्प झाले.

आत वजनकाट्याजवळ फरशीवर उन्हाचा रुपया पडला होता.
एकच. अठ्ठावीस वर्षं रोखपाल होते मी बँकेत;
पडलेलं नाणं दिसलं की हात जातोच.
वर पाहिलं. सगळं छप्पर शाकारलेलं, कौलाला कौल नीट बसलेलं,
एका कौलाचा कोपरा मात्र उडालेला.

‘एवढं शाकारलंत, आणि ते एक ऱ्हायलं?’
‘ऱ्हायलं न्हाई. ठिवलंय.’

अब्बा त्याचे सांधेवाले.
स्टेशनातलं घड्याळ बंद पडलं, साहेबानं नवं पाठवलं नाही,
तेव्हा अब्बांनी त्या भोकावर गाडी लावली.
फरशीवर निळ्या रंगाच्या बारीक रेघा आहेत अजून,
बारा महिन्यांच्या, पण सातच.
‘सूर्य रिटर्न तिकिटावर असतोय, ताई.
ज्या रेघांवरनं वर गेला, त्याच रेघांवरनं माघारी.’
ऊन त्या-त्या महिन्याच्या रेघेला टेकलं
की अब्बा हिरवा बावटा घेऊन बाहेर.
ढगाळ दिवशी?
‘ढगाळ दिवशी गाडी लेट.’

त्यानं ठिगळ घासलं, डिंक लावला, फुंकर मारली.
पंधरा रुपये झाले. मी वीस दिले.
सुटे नव्हते त्याच्याकडे, माझ्याकडेही नाहीत.
दोघंही उगीच फरशीवरच्या नाण्याकडे बघून हसलो.

चाक बसलं. हवा टणक.
उजेडात घरी पोचायचं तर निघायलाच हवं होतं.

तेवढ्यात दूर, माळाच्या पलीकडून,
मोठ्या लाइनीवरून हॉर्न आला, लांब, जाड, विजेच्या इंजिनाचा.
मी मान वळवली. दस्तगीरनं वळवली नाही.
घमेलं उपडं करत म्हणाला,
‘ती न्हवं. ती नवी.
आपली यायचीय अजून.’

ऊन रेघेपासून चार बोटं दूर होतं.
मी हेल्मेट काढलं,
सायकल परत भिंतीला टेकवली.